जिन्यात अडलेला इतिहास

मुख्याध्यापिका जिना चढताहेत हे थोरल्या बाईंनी खिडकीतून पाहिलं आणि गॅसवर चहाचं आधण ठेवलं. शाळेला सव्वाशे वर्षं पुरी होत होती. त्यानिमित्त शाळेच्या इतिहासाचं चांगलं जाडजूड पुस्तक निघणार होतं आणि ते लिहायची विनंती करायला मुख्याध्यापिका जातीने येणार आहेत, हे बाईंच्या कानावर आधीच आलं होतं. शाळेचा इतिहास लिहायचा म्हटल्यावर माणूस इतिहासाच्या बाईंकडे नाही तर कोणाकडे जाणार? बाईंनी चष्मा पुसला, केसांवरून हात फिरवला आणि ‘आता या वयात कुठं हो जमायचं’ हे वाक्य मनात एकदा घोळवून घेतलं, म्हणजे ऐन वेळी ते सहज सुचल्यासारखं वाटलं असतं. पावलं पहिल्या मजल्यावर आली. दाराशी थांबली, दम खाल्ला आणि पुढच्या जिन्याला लागली. वर दुसऱ्या मजल्यावर धाकटी राहत होती. इकडे आधण उकळून उकळून आटलं.

थोरल्या बाई आणि धाकट्या बाई या सख्ख्या जावा. दोघा भावांनी एकावर एक अशी दोन घरं घेतली आणि दोघी जावांनी एकाच शाळेत जन्म काढला. थोरलीने इतिहास शिकवला, धाकटीने शिवण. आडनाव एकच असल्यामुळे मुलांचा घोटाळा व्हायचा, म्हणून मुलांनीच त्यांना थोरल्या बाई आणि धाकट्या बाई करून टाकलं. त्या निवृत्त झाल्या, मुलांना मुलं झाली, तरी नावं तीच राहिली. आता गंमत अशी, की धाकटीला शाळेत चिकटवली ती थोरलीनेच. शिवणाची जागा रिकामी झाली तेव्हा ‘आमच्या घरात आहे एक, हात बरा आहे तिचा’ असं तेव्हाच्या मुख्याध्यापकांना सांगणारं तोंड थोरलीचंच होतं. ते तोंड तेव्हाच शिवून का टाकलं नाही, असं तिला पुढे कितीदा तरी वाटलं.

कारण धाकटी कानामागून आली आणि तिखट झाली. थोरलीने राज्यं बुडवली, तह केले, परिषदा भरवल्या, आणि मुलं मधल्या सुट्टीत जाऊन उभी राहायची ती धाकटीच्या टेबलाभोवती. कोणाचं बटण तुटलेलं, कोणाचा खिसा उसवलेला, कोणाचं काहीच नाही, नुसतंच जाऊन उभं राहायचं. निवृत्तीच्या दिवशी थोरलीला भिंतीवरचं घड्याळ मिळालं आणि एक भाषण. धाकटीला मुलींनी तुकडा तुकडा जोडून शिवलेलं पांघरूण मिळालं आणि अर्धी शाळा रडली. थोरलीचे यजमान वीज कंपनीतून निवृत्त झालेले, जिभेला हाड नसलेले. ते एकदा म्हणाले, “तू शिकवलेलं परीक्षेपर्यंत टिकलं. तिने शिकवलेलं बटण तुटेपर्यंत टिकतं.” त्या दिवशी त्यांना चहा स्वतःच करून घ्यावा लागला.

मुख्याध्यापिका खाली उतरताना मात्र थोरलीकडे डोकावल्या. त्या स्वतः या शाळेच्याच, धाकटीच्या हाताखाली काज-बटण शिकलेल्या. पुस्तक धाकट्या बाई लिहिणार आहेत, त्यांना माणसं बोलतात ना, असं त्यांनी हसून सांगितलं आणि जिन्याकडे वळता वळता म्हणाल्या, “आणि बाई, तारखा तपासायला तुम्ही आहातच.”

तारखा तपासायला. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. शाळा शंभर वर्षांची झाली तेव्हा स्मरणिकेत त्यांचा लेख होता, सनावळ्या ठासून भरलेला. छापखान्याच्या माणसाशिवाय तो कोणी वाचला असेल याची खात्री नाही. त्या माणसानेही एक पान उलटं लावलं होतं आणि ते एकाही वाचकाच्या लक्षात आलं नव्हतं. पण म्हणून काय इतिहास शिवणाच्या बाईने लिहायचा? उद्या पोहण्याच्या मास्तरांना भूमिती शिकवायला सांगा. हे सगळं त्या यजमानांना ऐकवत होत्या, आणि जे खरं खुपत होतं ते मात्र बोलत नव्हत्या. पुस्तक लिहायला मिळालं नाही हे एक वेळ चाललं असतं. पण त्या पुस्तकात आपण असू की नाही, आणि असलो तर किती, हे आता धाकटीच्या हातात गेलं होतं. सव्वाशे वर्षांच्या शाळेत आपण नक्की कोण होतो, हे धाकटी ठरवणार होती.

धाकटीची पुस्तक लिहायची रीत तिच्यासारखीच होती. तिने ना दप्तरं उघडली ना जुने अहवाल. ती एकेका माजी विद्यार्थ्याला दुपारी घरी बोलवायची, मोबाइल चालू करून टेबलावर ठेवायची आणि आलेल्याच्या हातात एक कापडाचा तुकडा, सुई आणि दोरा द्यायची. चार टाके घाल म्हणायची, जमतील तसे. हात गुंतले की तोंड सुटतं, हा तिचा शिवणाच्या तासाचा जुना अनुभव. मोठमोठी टक्कल पडलेली माणसं मान खाली घालून धावदोरा घालत बसायची आणि बोलत सुटायची. खिडक्या उघड्या असल्या की हसणं खालच्या मजल्यावर स्पष्ट ऐकू यायचं. थोरली आपल्या स्वयंपाकघरात उभी राहून ते हसणं ऐकायची आणि भांडी जरा जोरात घासायची.

इमारतीला लिफ्ट नव्हती. दुसऱ्या मजल्यावर जाणारा प्रत्येक जण पहिल्या मजल्यावरून जाणार, हे बाईंच्या एका दुपारी ध्यानात आलं आणि त्यांना एकदम हलकं वाटलं.

पहिला सापडला तो रंगकामाचा ठेकेदार. पावलं वाजताच बाईंनी दार उघडलं, तो अडकला, आणि वर जायचंच आहे रे, आधी घोटभर चहा घे, असं म्हणून त्यांनी त्याला आत बसवला. काय सांगणार आहेस म्हणून विचारलं. तो बिचारा खुलला. चित्रकलेचे सर मूर्तीसारखं बसवून मुलांची चित्रं काढायचे आणि मध्येच स्वतःच झोपी जायचे, इतिहासाचा वर्ग आणि शिवणाची खोली यांच्यामधल्या लाकडी भिंतीला एक भोक होतं, त्यातून पलीकडे चिठ्ठ्या जायच्या, असं कायकाय त्याला आठवत होतं. बाईंनी त्याला तिथेच थांबवलं.

“हे काय सांगणार? शाळेचा इतिहास आहे हा, चव्हाट्यावरच्या गप्पा नव्हेत.”

मग त्यांनी त्याला नीट समजावून दिलं. शाळा एका कापडाच्या व्यापाऱ्याच्या गोदामात सुरू झाली. पुढे दगडी इमारत झाली. युद्धाच्या काळात सैन्याने इमारत ताब्यात घेतली तेव्हा वर्ग पुन्हा त्याच गोदामात भरले, आणि तरीही शाळा एक दिवस बंद पडली नाही. प्रयोगशाळा नंतरची. हे सांगायचं, बाकी काही नाही. “म्हण बघू,” बाई म्हणाल्या, आणि पोट सुटलेला ठेकेदार खुर्चीत सरसावून बसला आणि म्हणाला. एक सन चुकला, तो बाईंनी दुरुस्त केला. मग तो तोंडी परीक्षेला निघाल्यासारखा ओठ हलवत वर गेला. त्या दिवशी वरून हसण्याचा आवाज आला नाही. बाईंना रात्री छान झोप लागली.

दुसरी आली ती डोळ्यांची डॉक्टर. वर्गातली पहिली, बाईंची लाडकी. ती चहाचा कप हातात घेऊन म्हणाली, “बाई, मी तर तुमच्या कात्रीच्या भांडणाचंच सांगणार.”

हे कात्रीचं भांडण शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि नववीत जाईपर्यंत कोणालाच ठाऊक नसायचं, कारण खालच्या वर्गांतल्यांना ते सांगायचं नाही अशी मुलांमुलांतच शपथ होती. दरवर्षी नववीच्या नव्या वर्गात इतिहासाचा तास रंगात आला असताना दार धाडकन उघडायचं. गळ्यात टेप टाकलेली धाकटी आत यायची. ताई, माझी मोठी कात्री नेलीत ती द्या, म्हणायची. मी कशाला नेऊ तुझी कात्री, असं थोरली म्हणायची. शब्दाने शब्द वाढायचा, धाकटी टेबलावरचा खडूंचा डबा उलटा करून बघायची, खडू गडगडत बाकांखाली जायचे आणि ती दार आपटून निघून जायची. वर्गाची पाचावर धारण बसलेली असायची. तेव्हा थोरली शांतपणे म्हणायची, वह्या काढा आणि आत्ता काय झालं ते लिहा. जितक्या वह्या, तितकी भांडणं. कोणी लिहायचं, धाकट्या बाईंच्या हातातच कात्री होती. कोणी लिहायचं, थोरल्या बाई रडल्या. बाई ती वाचून दाखवायच्या आणि वर्ग लोटपोट व्हायचा. मग त्या सांगायच्या, हा इतिहास. जो तो आपापल्या बाकावरून बघतो. सगळे वेगवेगळं सांगतात म्हणून घाबरू नका. सगळे एकच सांगायला लागले, की मात्र ओळखा, कोणीतरी पढवलंय.

ही युक्ती थोरलीची, स्वतःची, कुठल्या पुस्तकातली नव्हे. डॉक्टर म्हणाली, “अजून मी पेशंटला सांगते बाई, तुम्हाला काय दिसतं ते सांगा, शेजारच्याला काय दिसतं ते नको. ते तुमचंच.” बाईंचा जीव सुपाएवढा झाला. डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं. आणि तेवढ्यात डॉक्टर हसत पुढे म्हणाली, “आणि धाकट्या बाई काय भांडायच्या हो. आम्ही कितीतरी दिवस घरी त्यांची नक्कल करायचो.”

आलेलं पाणी आल्या वाटेने परत गेलं. म्हणजे युक्ती माझी, वर्ग माझा, धडा माझा, आणि लक्षात राहिली ती हिची नक्कल. हे पुस्तकात आलं तर त्याही पानावर मधोमध धाकटीच उभी राहणार, गळ्यात टेप टाकून. बाईंनी कप खाली ठेवला आणि सांगितलं, की ते वर बोलायचं नाही. दोन जावा मुलांसमोर भांडत होत्या हे छापलं तर शाळेची शोभा होईल. शिवाय ते अभ्यासक्रमात नव्हतं. तू आपलं दगडी इमारतीचं सांग.

“शब्द दे,” बाई म्हणाल्या. डॉक्टरने जरा चमकून पाहिलं, पण शब्द दिला. ती बाईंचं ऐकणारी मुलगी होती.

मग हा नेमच पडला. पावलं वाजली की दार उघडायचं. विमा एजंट आला, वाद्यवृंदात बासरी वाजवणारा आला, दोन जुळ्या बहिणी आल्या. बाई चहा द्यायच्या, गोदाम, दगडी इमारत आणि युद्ध पाठ करून घ्यायच्या आणि कात्रीचा विषय निघाला की शब्द घ्यायच्या. विषय निघायचाच. परत जाताना कोणी दारावर टकटक केली, तर बाई मुद्दाम उघडायच्या नाहीत. आपण वर काय झालं ते ऐकायला टपून बसलोय असं दिसायला नको. वरचं हसणं दिवसेंदिवस कमी होत गेलं. कधीकधी तर बाईंना आपलीच वाक्यं दुसऱ्याच्या आवाजात, जशीच्या तशी, खिडकीतून खाली येताना ऐकू यायची. यजमान पेपरमागून म्हणायचे, “वर पाढे चाललेत वाटतं.” बाई पुढचा कप विसळायला घ्यायच्या. पुस्तक लिहील धाकटी, पण आत इतिहास माझा असेल, असं त्यांना वाटायचं आणि चहा गोड लागायचा. तरी जो तो जाताना हातात आपण शिवलेला कापडाचा तुकडा जपून नेताना खिडकीतून दिसायचा, ते काही बघवायचं नाही.

पुस्तक छापायला जायची वेळ आली तेव्हा धाकटीने स्वतःच मजकूर पाठवून दिला. तारखा बघून द्या, असा निरोप होता. बाई तो घेऊन खिडकीशी बसल्या आणि पहिल्यापासून वाचत गेल्या. वाचता वाचता त्यांची मान हळूहळू ताठ झाली.

त्यांनी पढवलेलं एकही वाक्य त्यात नव्हतं. गोदाम होतं, पण ते एका म्हाताऱ्या विद्यार्थिनीने सांगितलेलं होतं, ती पंगू म्हणून धाकटीच तिच्या घरी गेली होती. गाठोड्यांवर बसून पाठ केलेल्या कविता आणि कपड्यांना महिनोन्महिने येणारा कोऱ्या कापडाचा वास तिने सांगितला होता. युद्धातलं असं होतं, की सैनिकांनी फळ्यावरचं गणित पुसलं नाही, उलट कोणीतरी ते खाली सोडवून ठेवलं आणि उत्तर चुकलं होतं. झोपणारे चित्रकलेचे सर होते. घंटा देणारा होता, प्रयोगशाळेत पडदा जाळणारे विज्ञानाचे सर होते, दरवर्षी फळ्यांना काळा रंग देणारा माणूस होता, त्याला तर सबंध पान होतं. सगळं वाचावं असं लिहिलेलं होतं, आणि हे बाईंना सगळ्यात जास्त लागलं. शेवटी शिक्षकांची आणि कर्मचाऱ्यांची यादी होती. त्या यादीत दोन संगीत शिक्षकांच्या मधे बाईंचं नाव होतं. आणखी कुठेही नव्हतं.

कित्येक महिन्यांत त्या वरचा जिना चढल्या नव्हत्या. त्या दिवशी चढल्या. धाकटी खिडकीशी बसून सुईत दोरा ओवत होती.

“मी कुठाय यात?” बाईंनी कागद टेबलावर ठेवले.

“यादीत आहात, ताई.”

“यादीत तर फळे रंगवणाराही आहे.”

“त्याला पान पण आहे,” धाकटी म्हणाली. “तुम्हाला नाही, ते खरं.”

मग बाईंचा बांध फुटला. तू मला पहिल्यापासून पाण्यात पाहतेस, म्हणाल्या. मी तुला नोकरी लावली, मी तुला शाळेत उभी केली, आणि तू मला सव्वाशे वर्षांतून पुसून काढलंस. धाकटी हातातली सुई कापडात टोचून ठेवून सगळं ऐकत राहिली. बाईंचा दम संपल्यावर ती उठली आणि तिने पाणी आणून दिलं.

“मी प्रत्येकाला शेवटी एकच विचारायचे,” ती म्हणाली. “थोरल्या बाईंचं काय आठवतं? ठेकेदार खाली मान घालून टाके घालत बसला. त्या जुळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. डॉक्टरला मी पुन्हा फोन केला, तर ती म्हणाली, बाईंना शब्द दिलाय.”

बाईंनी पाण्याचा पेला तोंडाला लावला, पण प्यायल्या नाहीत.

“आणि बाकीचं, हात गुंतून तोंड सुटेपर्यंत, सगळे एकच सांगत होते, त्याच शब्दांत. गोदाम, दगडी इमारत, शाळा एक दिवस बंद पडली नाही. आपल्या मधे लाकडाची भिंत होती ताई. इतकी वर्षं मी पलीकडे ऐकत आले, सगळे एकच बोलायला लागले की समजा, कोणीतरी पढवलंय. मग मी काय करणार? ते सगळं काढून टाकलं.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते बाईंनी मुलांना कितीदा फळ्यावर लिहून दिलं होतं. आता त्यांनी ते स्वतःच करून दाखवलं होतं.

“मग तेव्हाच खाली येऊन मला का नाही बोललीस?” त्यांनी विचारलं.

“मला वाटलं, माझ्या पुस्तकात तुम्हाला यायचंच नाहीये.” हे धाकटीने चिडून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती साधंच बोलली.

मग तूच लिही, तुला तर सगळं ठाऊक आहे, असं बाई म्हणाल्या. धाकटीने मान हलवली. मी त्या भांडणातली एक बाजू, आपल्या भांडणाची साक्ष आपणच द्यायची नाही, हेही भिंतीपलीकडूनच ऐकलंय, म्हणाली. मग मी सगळ्यांना फोन करते, बाई म्हणाल्या, सांगा म्हणते. म्हणजे तेही पढवलेलंच की, असं धाकटी म्हणाली. मुलांना बाईंनी हे असंच शिकवलं होतं.

“एक जण राहिलीये,” धाकटी म्हणाली. “रविवारी दुपारी येतेय. बंदरावर क्रेन चालवते ती, मागच्या बाकावरची, नववीत दोनदा बसलेली. छापखाना तोवर थांबायला तयार आहे. तेवढं तुमचं दार बंद ठेवा, ताई.”

बाई जिना उतरल्या त्या कठड्याला धरून. ती मुलगी त्यांना चांगली आठवत होती. नववीत दोनदा बसली, म्हणून सगळ्या शाळेत कात्रीचं भांडण दोनदा पाहिलेली ती एकटीच. दुसऱ्या वर्षी तिने वर्गात ते फोडलं नाही, गप्प बसून बघत राहिली. आणि नेमकं त्याच वर्षी बाईंच्या तोंडून भलतंच निघून गेलं होतं. आदल्या दिवशी वार्षिक समारंभात सगळ्यांनी धाकटीलाच डोक्यावर घेतलं होतं, ते डोक्यात होतं. ‘माझ्या जिवावर आलीस आणि माझ्याच वर्गात येऊन मला ऐकवतेस’ असं त्या म्हणाल्या. ते ठरलेल्या भांडणात नव्हतं. धाकटी थबकली, तिचा चेहरा उतरला, आणि मग तिने दार नेहमीपेक्षा जोरात आपटलं. पोरांना काही कळलं नाही. पण वही द्यायला टेबलापाशी आली तेव्हा ती मागच्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली होती, “मागच्या वर्षीचं खोटं होतं बाई. हे खरं होतं.” बाईंनी तिला जागेवर जाऊन बसायला सांगितलं होतं.

म्हणजे शेवटची साक्ष उरली होती ती हिची. ती कात्रीचं सांगेल, युक्तीचं सांगेल, वह्यांचं सांगेल, आणि तेही सांगेल. धाकटीच्या तोंडावर सांगेल. बाईंनी शनिवारभर ते वाक्य मनात घडवलं, मोडलं, पुन्हा घडवलं: बाकी सगळं सांग गं, फक्त तेवढं नको. एवढंच तर म्हणायचं होतं. त्याला काय पढवणं म्हणतात?

रविवारी जेवणं झाल्यावर बाईंनी दाराला आतून कडी घातली आणि कडीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. यजमान आरामखुर्चीत पडून बघत होते. खाली फाटक वाजलं. पावलं जड होती, कामाच्या बुटांची. ती पहिल्या मजल्यावर आली आणि थांबली. पावलं पुढे जाईनात.

बेल वाजली.

बाईंच्या हाताखाली कडी थोडी सरकली. दारापलीकडे ती मुलगी, आता बाई झालेली, गळा साफ करत उभी होती. पुन्हा बेल वाजली. यजमान अर्धवट उठले आणि बाईंनी त्यांना डोळ्यांनीच खाली बसवलं.

“बाई, आहात का?” दारापलीकडून आवाज आला. “मी, मागच्या बाकावरची. म्हटलं आधी तुम्हाला भेटून वर जावं.”

इतक्या सगळ्यांना बाईंनी दार उघडून आत ओढलं होतं. वर जाण्याआधी आपणहून बेल वाजवून कोणी आलं ते हे पहिलंच. बाईंचं कपाळ दाराच्या लाकडाला टेकलं होतं. एक शब्द बोलला तरी पलीकडे ऐकू गेला असता, आणि तो कुठला हे त्यांना पाठ होतं. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. पलीकडची थोडा वेळ थांबली, ‘नाहीत वाटतं’ असं स्वतःशीच म्हणाली, आणि जड पावलं वर चढून गेली.

वरचं दार उघडल्याचा आवाज आला. खुर्ची सरकल्याचा आला. आता कापड दिलं असेल, सुई दिली असेल, ओवायला वेळ लागत असेल, क्रेन चालवणारे हात ते. मग बोलणं सुरू झालं, खालच्या पट्टीतलं, सलग. धाकटी एकदा हसली आणि लगेच गप्प झाली. त्यानंतर बराच वेळ नुसता एकटीचाच आवाज येत राहिला.

बाईंनी जाऊन पंखा बंद केला आणि छताखाली मान वर करून उभ्या राहिल्या.

“उकडतंय गं,” यजमान म्हणाले.

“उकडू दे,” बाई म्हणाल्या. “माझ्याबद्दल बोलतायत.”